शिमग्याचे आठ दिवस

तिथी म्हणजे काय बोट आहे, की कप्तानाला सवड असेल तेव्हा सोडायची? चारुदत्ताच्या एकूण वागण्यात द्वारकाबाईंना हेच सगळ्यांत झोंबलं होतं. सख्ख्या धाकट्या भावाचं वर्षश्राद्ध, आणि या गृहस्थाने ते आठ दिवस अलीकडे ओढलं. कारण काय, तर गुरुजी पुढच्या आठवड्यात मस्कतला जाणार.

"माझा उल्हास गेला फाल्गुन वद्य षष्ठीला. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी," त्या आदल्या दिवशी सकाळी म्हणाल्या होत्या. "उद्या काय आहे? शुद्ध त्रयोदशी. अजून होळी पेटायची आहे आणि तू श्राद्ध घालतोस."

"आई, फुजैरात एकच गुरुजी आहेत. नंतर ते अव्हेलेबल नाहीत. अ‍ॅडजस्ट करावं लागतं."

"यमाने केलं होतं का अ‍ॅडजस्ट?"

चारुदत्ताने गाडीची किल्ली शोधायला सुरुवात केली. लहानपणी उत्तर येत नसलं की त्याची पेन्सिल हरवायची, आता किल्ली हरवत असे. ती सापडली, टर्मिनलवर मीटिंग असल्याची आठवण झाली, आणि बाराव्या मजल्यावरून लिफ्ट खाली गेली.

द्वारकाबाईंना इथे आखातात येऊन बारा दिवस झाले होते. बारा दिवसांत मुलगा बारा मिनिटं समोर बसला नव्हता. पहाटे निघायचा, रात्री येऊन हळूच विचारायचा, "आई जेवली?" जणू आई म्हणजे बांधून ठेवलेली गाय. एवढी माया होती तर स्वतः ताट वाढून घेऊन समोर बसायचं. त्यांच्या डोळ्याला डोळा मात्र द्यायचा नाही. द्वारकाबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, पण डोळे चुकवणारा माणूस वाचायला शाळा लागत नाही. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला होता, की भावाला इथे नोकरी लावून आपणच आणला, त्याची टोचणी याला खाते आहे. खाऊ दे. खायलाच हवी.

खिडकीतून समुद्र दिसे आणि समुद्रावर थांबलेली जहाजं. पन्नास-साठ तरी असतील, गुरं पाणवठ्यावर उभी राहावीत तशी. त्यांना तेल पाजायला कंपनीच्या छोट्या बोटी जात. त्यातल्याच एका बोटीवर उल्हास होता. मागच्या वर्षी पाय घसरला, बोट आणि जहाजाच्या मधे पडला, वर काढला, इस्पितळात ठेवला, नवव्या दिवशी गेला. चारुदत्ताने फोनवर सांगितलेल्या या चार वाक्यांवर द्वारकाबाईंनी वर्ष काढलं होतं.

आणि आणखी एका गोष्टीवर. गावदेवीवरच्या रागावर.

चिपळूणच्या घरी शिमग्याला पालखी आली तेव्हा त्यांनी देवीची ओटी भरली होती आणि उंबऱ्यात उभं राहून गाऱ्हाणं घातलं होतं. माझा मुलगा परमुलखात इस्पितळात पडलाय, त्याला उठव, पुढच्या शिमग्याला तुझी पालखी त्याच्या खांद्यावर देते. सगळी भावकी त्यांच्या मागे 'होय म्हाराजा' म्हणाली होती. त्यानंतर चार दिवसांत फोन आला. त्या दिवसापासून द्वारकाबाईंनी देवीपुढे दिवा लावला नव्हता. नातवंडांना माहीत नसतील असल्या शिव्या त्यांनी तिला घातल्या होत्या. भरली ओटी घेतलीस आणि पाठ फिरवलीस. तुला आई कुणी म्हणावं?

दुपारी पिंडाच्या तांदळातले खडे वेचत त्या बसल्या होत्या. आतल्या खोलीत आभा, चारुदत्ताची मुलगी, मोठमोठ्याने इंग्रजीतून काहीतरी म्हणत होती. चौदा वर्षांची पोर, इथेच वाढलेली, मराठी कळायचं सगळं पण जिभेवर यायचं तुकड्यातुकड्याने. तेच तेच म्हणायची, मधेच गळा भरून आल्यासारखं करायची, परत पहिल्यापासून.

"काय गं, कोण मेलंय त्यात?" द्वारकाबाईंनी विचारलं. "अर्धा तास रडते आहेस."

आभा कागद घेऊन बाहेर आली. "स्कूलची कॉम्पिटिशन आहे, आजी. इट्स अ व्हेरी ओल्ड पोएम. ग्रीक लोकांचं. लाइक, तीन हजार वर्षं जुनं."

"मग तर माझ्या कामाचं. सांग."

"वॉर चालू असते. शहराला वेढा असतो. आणि प्रिन्स असतो ना, तो एकटा बाहेर थांबतो फाईट करायला. त्याची मदर वरून, वॉलवरून त्याला सांगते, आत ये, प्लीज आत ये."

"कशी सांगते?"

आभा लाजली. "शी… म्हणजे पदर बाजूला करते. आणि म्हणते, यातलं दूध प्यायलास ना, त्याची तरी लाज ठेव."

"शहाणी बाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "ऐकलं का मेल्याने?"

"नाही. तो तिच्यासमोरच मरतो. आणि तो एनिमी त्याला रथाला बांधतो आणि ड्रॅग करतो. फरफटत. ती वरून बघत असते."

द्वारकाबाईंचं बोट तांदळात थांबलं. "मग? देह मिळाला का?"

"बारा दिवस देत नाहीत. मग त्याचे फादर, म्हातारा किंग, तो स्वतः एनिमीच्या तंबूत जातो. ज्या हातांनी आपल्या मुलाला मारलं ना, आजी, ते हात तो किस करतो. आणि मुलाला घरी घेऊन येतो. मग मदर त्याच्याजवळ बसून त्याच्याशी बोलते. माझा पार्ट तोच आहे."

"तोंड पाहिलं म्हणजे तिने."

"हो."

"नशीबवान." त्यांनी एक खडा अंगठ्याने उडवला. "लग्न झालेलं होतं का त्याचं?"

"हो, बायको असते. पण ती वॉलवर नसते. ती आत असते, घरात. कापड विणत असते, फुलंफुलं असलेलं. आणि मेड्सना सांगते, पाणी तापत ठेवा, तो दमून येईल, आंघोळ करेल."

"तो मेलाय."

"हो."

"आणि ही पाणी तापवते आहे."

"हो, आजी."

"एवढा राजवाडा. नोकरचाकर, दीर, नणंदा. एकाच्याही पायात बळ नव्हतं आत जाऊन सांगायचं? तुझ्या त्या राणीचं मला काही वाटत नाही बघ. तिने पाहिलं, ती रडली. जळतं ते या पाणी तापवणारीसाठी. तिला हसत कुणी ठेवलं, त्याचं नाव दिलंय का त्यात?"

आभा कागदाची घडी घालत राहिली, एक, दोन, तीन, मग घडी होईना.

"नोबडी टोल्ड हर, आजी," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. खोलीतून परत काही ऐकू आलं नाही. कवितेचं पोरीला फारच लागलं, असं द्वारकाबाईंना वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी हॉलमधला सोफा भिंतीला लागला. थोरल्या सुनेने, हेमाने, छतावरच्या धुराच्या यंत्राला प्लास्टिकची पिशवी बांधली, नाहीतर होमाच्या पहिल्या काडीला अख्खी बिल्डिंग खाली पळाली असती. दर्भ दुबईहून आले होते. हार पंधरा दिरहमचा, म्हणजे साडेतीनशे रुपये, हेमाने न विचारता सांगितलं. अनुपमा, उल्हासची बायको, उम्म अल कुवैनच्या एका नर्सरीत आता शिकवायची. ती आदल्या संध्याकाळी आली होती. सासूच्या पाया पडली ती मान वर करायला विसरलीच. दोनच वर्षांचा संसार, मूल नाही, म्हणून थोरला असून चारुदत्तच कद नेसून पाटावर बसला.

गुरुजींचं नाव शैलेंद्र. आठवडाभर बंदरावर स्टोअर सांभाळायचे, पण मंत्र स्वच्छ होते. पिंड झाले, तर्पण झालं. हेमाने बाल्कनीत घास ठेवला. कावळे इथेही होते, जहाजांबरोबर आले म्हणे. एक आला आणि आढेवेढे न घेता शिवून गेला. द्वारकाबाईंनी दारातूनच हात जोडले. सगळं नीट झालं. म्हणून मग गुरुजी दक्षिणा घेऊन उठायला लागले तेव्हा त्यांना राहवेना.

"गुरुजी, हात तुमचा चांगला आहे. पण एक बोलू? तुमच्या मस्कतपायी माझ्या मुलाची तिथी आठ दिवस अलीकडे आली. हे बरं नाही केलंत."

"मस्कत?" गुरुजी हसले. "मी कुठे चाललोय, आजी? मला रजा देणारा अजून जन्माला यायचाय."

"आई," चारुदत्त म्हणाला, "गुरुजींना उशीर होतोय. यल्ला गुरुजी, मी सोडतो तुम्हाला."

"थांब. गुरुजी, मग श्राद्ध आज का?"

"आज नाही तर कधी? तिथी चुकवणारा भटजी नाही मी. मागच्या वर्षी दहावं-बारावं माझ्याच हातचं. त्रयोदशीला गेले ना ते, होळीच्या दोन दिवस आधी. सकाळी बॉडी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी…"

इथे गुरुजींनी चारुदत्ताच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते गप्प झाले.

द्वारकाबाईंनी बोटांवर मोजलं. त्यांना लिहिता फार येत नसे, पण तिथी मोजताना चूक होत नसे. त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, पंचमी. षष्ठी.

"पौर्णिमेला मी पुरण घातलं होतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुढचं बोट दुमडलं.

"द्वितीयेला पालखी आली. मी ओटी भरली. रोज संध्याकाळी शेजारी मधूच्या घरी फोन यायचा. आज पेज घेतली. आज डोळे उघडले. आज हात हलवला. कोण डोळे उघडत होतं, चारुदत्त?"

"आई, तुमचं प्रेशर किती होतं तेव्हा," हेमा मधे आली. "डॉक्टरांनीच सांगितलं होतं, एकदम सांगू नका. टप्प्याटप्प्याने सांगायचं ठरलं. सगळेच असं करतात."

"मेलेला माणूस टप्प्याटप्प्याने मरतो का गं?"

"तुमच्या भल्यासाठीच…"

"हेमा, तू गप्प बस. मी ज्याला जन्म दिला त्याला विचारते आहे."

चारुदत्त पाटावरून उठला. त्याचा हात कमरेला गेला, पण कदाला खिसा नव्हता आणि किल्ली टीव्हीवर होती.

"काय सांगू, आई. रात्री पडला. आम्ही सगळे शोधत होतो. सकाळी सहाला सापडला, नांगराच्या साखळीपाशी. मी घड्याळावरून ओळखलं त्याला. तुला कसं दाखवणार होतो मी? तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं."

"ते मी ठरवलं असतं."

"आई, तू बघू शकली नसतीस."

"तो झाला तेव्हा रक्तात माखलेला होता. नाळ गळ्याभोवती, निळा पडलेला. तेव्हा सुईणीने विचारलं नाही मला, बाई, तोंड बघण्यासारखं आहे का ते. माझ्या हातात दिला." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून हेमा आणखी घाबरली. "काल तुझी मुलगी मला एक कथा सांगत होती. त्या लोकांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत. पण त्यातल्या एकाला रथामागे फरफटला होता. त्याचा म्हातारा बाप वैऱ्याचे हात धरून त्याला घरी घेऊन आला. आईच्या पुढ्यात ठेवला. म्हणाला नाही, की तोंड बघण्यासारखं नाही. तुझे वडील नाहीत, तू त्यांच्या जागी होतास. तुला कुणा वैऱ्याचे हात धरायचे नव्हते. चार कागद करून विमानात ठेवायचा होता."

"नसतं झालं ते चार दिवसांत. पोलीस, कंपनी, एम्बसी…"

"मग बरं. इथे अग्नी दिलास. दिलास तर दिलास. पण मला त्याच दिवशी सांगायला कोणती एम्बसी लागत होती?"

उत्तर आलं ते स्वयंपाकघराच्या दारातून.

"सांगा ना, दादा," अनुपमा म्हणाली.

"अनुपमा, खलास. आता नको."

"नाही दादा. एकदाच मला फोनवर घेतलं होतंत तुम्ही. आईंनी विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, झोपलेत. आदल्या दिवशी मी त्यांच्या अस्थी पाहिल्या होत्या. वर्षभर नर्सरीत मुलांना झोपवते आणि तोच शब्द कानात येतो." ती सासूकडे वळली. "प्रेशरचं खरं नाही, आई. म्हणजे पहिल्या दिवशी तेच कारण होतं. दादा दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगणारच होते. त्यांनी आधी मधूभावजींना फोन केला, तुमच्याजवळ कुणीतरी असावं म्हणून. मधूभावजी म्हणाले, नऊ दिवस थांबा."

"का?"

"पालखीसाठी."

मधू म्हणजे द्वारकाबाईंच्या दिराचा मुलगा, शेजारचं घर. त्या वर्षी पालखीचा मान त्याच्या घराकडे होता. द्वारकाबाईंच्या डोक्यात गोष्टी एकेक करून जागेवर बसल्या. फोन त्यांच्या हातात देताना मधूचं अंगणाकडे बघणं. मधूच्या बायकोने स्वतः आणून दिलेलं ओटीचं खण-नारळ. "काकी, तुम्ही गाऱ्हाणं घाला, तुमचं देवी ऐकेल."

"सुतक कळलं असतं तर सगळ्या भावकीची दारं बंद झाली असती," चारुदत्त जमिनीकडे बघत म्हणाला. "अठरा घरं, आई. एकाही घरात पालखी शिरली नसती. मधू रडत होता फोनवर. म्हणाला, तीस वर्षांनी मान आलाय. कळलं नाही तर सुतक लागत नाही, मग एवढे दिवस कळू नये असं कर. माझं डोकं चालत नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे."

"तू म्हटलंस, ठीक आहे."

"हो."

गुरुजी दाराशी चपला शोधत होते. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते वळले. "आजी, शास्त्राने सांगतो. कळल्यापासून सुतक. तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही पूजा केलीत, गोड खाल्लंत, तुम्हाला दोष नाही."

"मला नाहीच," द्वारकाबाई म्हणाल्या. "दोष कुणाला ते मला शास्त्राशिवाय कळतं. या तुम्ही."

त्या उठल्या. गुडघा धरून, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या. हेमाने देव कपाटात ठेवले होते, डाळींच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. त्यात एका कोपऱ्यात गावदेवीचा फोटो होता, चारुदत्ताने पहिल्यांदा इथे येताना आईनेच बॅगेत घातलेला. त्यांनी काड्यापेटी मागितली. आभा धावत गेली. दोन काड्या विझल्या, एसीच्या वाऱ्याने. तिसरी पेटली. निरांजन लावून त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि पाठीमागे सगळे आहेत हे विसरल्यासारख्या बोलल्या.

"वर्षभर नाही नाही ते बोलले गं तुला. मेलेल्याला उठव म्हणून तुझ्यापुढे पदर पसरला. तू तरी काय करणार होतीस. तुलाही यांनी फसवलं, माझ्या सुतकाच्या हाताने ओटी भरून घ्यायला लावली."

आभा रडायला लागली. "आय वॉन्टेड टु टेल यू, आजी. काल. आय रिअली वॉन्टेड टु."

"तू सांगितलंस," द्वारकाबाई तिच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाल्या. "या घरात तूच सांगितलंस. मीच मठ्ठ. मला वाटलं, पाणी तापवणारी दुसरीच कुणीतरी आहे."

हॉलमध्ये पानं मांडलेली होती. वडे, भाजी, आमटी, द्रोणात खीर. हेमाने घाबरत घाबरत सासूच्या पानाशी पाट सरकवला. द्वारकाबाईंनी पानाकडे पाहिलं आणि खिरीचा द्रोण उचलून चारुदत्ताच्या पानात ठेवला, त्याच्या द्रोणाशेजारी.

"गोड मी मागच्या वर्षीच खाल्लं," त्या म्हणाल्या. "दोन पोळ्या. वर तूप घेतलं होतं. चांगली भूक लागली होती मला त्या दिवशी. तू फोनवर सांगितलं होतंस, ताप उतरला."

"आई, माझं चुकलं," चारुदत्त म्हणाला. पन्नाशीचा बाप्या, उघडा, खांद्यावर जानवं, आणि ओठ लहान मुलासारखे वाकडे झालेले. "तू काय म्हणशील ते करतो. आपण गावी जाऊ, परत सगळं करू. पण बोलणं टाकू नकोस."

"बोलणं मी टाकत नाही. बोलणं टाकणारी बाई मी नाही. बस खाली."

तो बसला. द्वारकाबाई उभ्याच राहिल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा तो त्यांच्या डोळ्यात बघत होता, आणि त्यांनीही नजर हलवली नाही.

"माझं तिकीट बदल. होळीला मी माझ्या घरी हवी. यंदा पालखी मधूच्या दारात आली की मी गाऱ्हाणं घालणार आहे, सगळ्या भावकीसमोर, आणि काय झालं ते देवीला पहिल्यापासून सांगणार आहे. ते त्याचं. आता तुझं ऐक. मी मरेन तेव्हा मला अग्नी तू द्यायचा नाहीस. अनुपमा देईल. त्याच दिवशी तिला कळवतील, तशी व्यवस्था मी करते. तुला फोन येईल नवव्या दिवशी. तोवर रोज संध्याकाळी मधू तुला सांगेल, आई बरी आहे, आज पेज घेतली, आज डोळे उघडले. त्याला ते तूच शिकवलंयस, तो चुकायचा नाही. आणि ते आठ दिवस, बाबा, तू पोटभर जेव. पुरण घाल, पोळीवर तूप घे. तुला काही कळलेलं नसेल. दोष लागायचा नाही."